टांझानिया आणि मोझांबिक जवळ येतायत, मग आपल्या काजू कारखान्यांचं काय होणार?

कुडाळचा_काजूवाला

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ माझा छोटा काजू कारखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला, सध्या अठरा बाया आणि चार गडी कामाला आहेत. प्रश्न जरा लांबचा वाटेल पण माझ्यासाठी तो अगदी दारातला आहे म्हणून इथे विचारतोय.

आपली गावठी बी फेब्रुवारी ते मे येते हे सगळ्यांना माहीतच आहे. पावसाच्या आधी जमेल तेवढी सुकवून भरून ठेवायची, पण वर्षभराच्या बीला पैसा अडकवायची ताकद आमच्यासारख्यांची नसते, त्यामुळे दिवाळी झाली की गोडाऊनमध्ये मागची भिंत दिसायला लागते. तेव्हा आफ्रिकेची बी घ्यावी लागते. त्यातही आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन यांचा हंगाम साधारण आपल्यासोबतच चालतो. टांझानिया आणि मोझांबिक मात्र विषुववृत्ताच्या खाली, त्यांची बी ऑक्टोबर ते जानेवारी पडते, म्हणजे आमचं पोट रिकामं असतं बरोबर त्याच वेळी त्यांचा माल बोटीवर चढतो. या दोन देशांवर माझ्या बायांचे नोव्हेंबर ते जानेवारीचे पगार उभे आहेत असं म्हटलं तरी चालेल.

आता गेली दोन तीन वर्षं वाचतोय की हे दोघं एकमेकांशी संबंध वाढवतायत. २०२२ च्या सप्टेंबरात टांझानियाच्या राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन मापुतोला गेल्या, संरक्षणाचे करार झाले. २०२४ च्या जुलैमध्ये मोझांबिकचे त्यावेळचे अध्यक्ष फिलिप न्युसी दार एस सलामला आले आणि तिथल्या सबासबा व्यापारी जत्रेचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. व्यापार वाढवू, सीमा सोपी करू अशी बोलणी चालू आहेत.

माझे प्रश्न असे की यांची मैत्री खरी किती खोल आहे, की नुसते फोटो? आणि उद्या दोघांनी मिळून ठरवलं की कच्ची बी बाहेर जाऊ द्यायची नाही, आम्हीच फोडणार, तर आमच्यासारख्यांनी काय करायचं? बेनिनने २०२४ च्या एप्रिलपासून कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी जाहीर केलीच होती.

एक मनापासून सांगतो. मला फक्त भाव चढणार का उतरणार एवढंच नकोय. दहा वर्षं त्यांची बी हाताळतोय, तागाचं पोतं झाडलं की तळाला तांबडी माती पडते, आपल्या भरडावरच्या मातीसारखीच, आणि त्या पोत्यावर छापलेलं म्त्वारा हे नाव सोडलं तर त्या मुलखाबद्दल मला काहीच माहिती नाही, याची आता लाज वाटते. जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

मालवणचे_मास्तर

बरो प्रश्न इचारलंस रे बाबा. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण या दोन देशांवर कधी कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून जरा लांबण लावतो, वाचून घे.

फोटोपुरती मैत्री नाही ही. टांगानिका ९ डिसेंबर १९६१ ला स्वतंत्र झालं (झांझिबारशी जोडून टांझानिया झालं ते १९६४ ला) आणि लगेच पुढच्या वर्षी २५ जून १९६२ ला मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी फ्रेलिमो ही संघटना स्थापन झाली, ती मोझांबिकमध्ये नव्हे, दार एस सलाममध्ये. मोझांबिकवर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं, तिथे तोंड उघडलं तर तुरुंग. टांझानियाचे पहिले अध्यक्ष न्यरेरे यांनी या लोकांना घर दिलं, कचेऱ्या दिल्या, लढाईचं शिक्षण द्यायला जागा दिली. स्वतःचा देश नवा, खिशात काही नाही, शेजारी पोर्तुगीजांची फौज, आणि तरी दिली. फ्रेलिमोचे पहिले अध्यक्ष एदुआर्दो मोंदलाने यांचा खूनसुद्धा दार एस सलाममध्येच झाला, ३ फेब्रुवारी १९६९ ला पार्सलमधून आलेल्या बॉम्बने.

दक्षिण टांझानियात नाचिंग्वेया म्हणून गाव आहे, तिथे फ्रेलिमोचा मोठा तळ होता. या गावाची गोष्ट मला फार लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी तिथे भुईमुगाची प्रचंड लागवड करायचं काढलं, म्त्वाराचं बंदर त्यासाठी बांधलं, नाचिंग्वेयापर्यंत रेल्वे टाकली. जमीन भुईमुगाची नाही, पाऊस बेभरवशाचा, हे तिथल्या शेतकऱ्याला विचारलंच नाही. १९५१ मध्ये सगळं गुंडाळलं, पुढे रेल्वेचे रूळसुद्धा उखडले. त्याच गावात नंतर शेजारच्या देशाचे स्वातंत्र्यसैनिक तयार झाले. आणि तुझी पोती ज्या म्त्वारा बंदरातून येतात ते बंदर त्या फसलेल्या भुईमुगासाठी बांधलेलं बरं का.

१९७५ च्या मे महिन्यात फ्रेलिमोचे तेव्हाचे नेते समोरा माशेल टांझानियातून सीमेवरची रोवुमा नदी ओलांडून मोझांबिकमध्ये शिरले आणि गावोगाव सभा घेत खाली राजधानीपर्यंत गेले, आजचं मापुतो. २५ जून १९७५ ला देश स्वतंत्र झाला. तारीख बघ, फ्रेलिमो स्थापन झाली तीच.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. पोर्तुगीज इथून हाकेच्या अंतरावर १९६१ च्या डिसेंबरपर्यंत होते, गोवा सुटायच्या दहा दिवस आधी टांगानिका स्वतंत्र झालं. गोव्याच्या लढ्यातली माणसं बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडे येऊन राहायची, लोक त्यांना घरात घ्यायचे, माझ्या आईने परसातल्या खोलीत दोघांना जेवण वाढलेलं मला आठवतं, मी तेव्हा सहा सात वर्षांचा असेन. दार एस सलामने मोझांबिकसाठी जे केलं ते तसंच, फक्त फार मोठ्या प्रमाणात आणि तेरा वर्षं.

बरं, हा काजू शब्दही पोर्तुगीजांचा. ब्राझीलहून त्यांनी झाड आणलं, गोव्यात लावलं तसं मोझांबिकमध्येही लावलं. तिथला माणूस आजही जवळपास हाच शब्द वापरतो. टांझानियात मात्र कोरोशो म्हणतात.

बोटीवरचा_रत्नागिरीकर

मास्तर, नमस्कार, फार छान लिहिलंत. मी बोटीवर इंजिनात आहे, टांझानियातलं म्त्वारा आणि मोझांबिकमधलं नाकाला, दोन्ही बंदरं लागलेली आहेत, दार एस सलाम तर कितीदा. इतिहासाला जोडून जमिनीवरचं, म्हणजे पाण्यावरचं सांगतो.

काजूवाले दादा, नकाशा घेऊन बसा. म्त्वारावरून मोझांबिकची हद्द गाडीने तासाभराची वाट. मधे रोवुमा नदी. दोन्ही काठांवर माकोंडे लोक, तीच भाषा, तेच काळ्या लाकडाचं कोरीवकाम, मामा या काठाला आणि भाचा त्या काठाला. मोझांबिकच्या उत्तर किनाऱ्यावर जी म्वानी बोलतात ती स्वाहिलीला जवळची. म्हणजे माणसं एकच आहेत, कागदावर इकडे इंग्रजी स्वाहिली आणि तिकडे पोर्तुगीज, एवढाच फरक, पण कस्टमच्या टेबलावर हा फरक डोंगराएवढा होतो कारण एकाचा कागद दुसऱ्याला वाचता येत नाही.

आता पुलाचं ऐका. रोवुमावर पूल हवा हे न्यरेरे आणि माशेल यांनी १९७५ च्या सुमारास ठरवलं होतं. तो पूल सुरू झाला १२ मे २०१० ला! पस्तीस वर्षं. मधे मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ यादवी युद्ध, पैसा कुणाकडेच नाही. पूल ७२० मीटर लांब, नाव एकता पूल, उद्घाटनाला किक्वेते आणि गेबुझा दोघं अध्यक्ष हजर. पण तो पूल आहे समुद्रापासून कितीतरी आत, नेगोमानोजवळ, आणि पलीकडे मोझांबिकच्या बाजूला रस्ता वर्षानुवर्षं कच्चा. पावसात ट्रक रुतला की रुतला. कोकणातल्या माणसाला हे काय समजावून सांगायचं, पूल झाला पण जोडरस्ता नाही अशा खाड्या आपल्याकडे किती आहेत. किनाऱ्याजवळ फेरीबोट आहे, तिची फेरी भरती ओहोटी बघून.

मी म्त्वाराला होतो तेव्हा बंदराबाहेर एक बाई बसायची, केळी आणि भाजलेली काजू विकायला, काजू कागदाच्या पुडीत, पुडी शाळेच्या वहीच्या पानाची. तिचा नवरा मोझांबिककडचा. मी मोडक्या स्वाहिलीत विचारलं (आमच्या बोटीवर दार एस सलामचा एक पोरगा होता त्याने शिकवलं होतं, आणि दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, चपाती म्हणजे चपाती, त्यामुळे अर्धं काम तिथेच होतं) की सासरला जाता का? म्हणाली आधी दर महिन्याला जायचो, होडीने, कुणी विचारत नव्हतं, आता तीन वर्षं झाली गेले नाही. का ते तेव्हा मला कळलं नाही, नंतर बातम्या वाचल्यावर कळलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोसिंबोआ दा प्राइया या गावावर अतिरेक्यांचा हल्ला झाला तेव्हापासून मोझांबिकच्या उत्तरेचा सगळा काबो देल्गादो प्रांत पेटलेला, लाखो माणसं घरदार सोडून पळाली. ऑक्टोबर २०२० ला अतिरेकी नदी ओलांडून टांझानियाच्या किताया गावावर आले. २०२१ च्या मार्चमध्ये त्याच प्रांतातल्या पाल्मा गावावर हल्ला, आणि तिथला वीस अब्ज डॉलरचा गॅस प्रकल्प पुढच्याच महिन्यात थांबला.

म्हणून २०२२ चे ते करार संरक्षणाचे आहेत दादा, व्यापाराचे नंतर. रात्री घरात झोपायची शाश्वती नाही तिथे कसला ट्रक आणि कसली काजू. दक्षिणेकडच्या देशांच्या संघटनेची, सादेकची, जी फौज २०२१ ला काबो देल्गादोमध्ये गेली तिच्यात टांझानियाचे जवानही होते, ती फौज २०२४ च्या जुलैत परतली. माझ्या मते संबंध घट्ट होणं म्हणजे ती बाई परत होडीत बसून सासरी जाऊ शकणं. बाकीचं त्याच्या मागून येतं.

देवगडची_खाडी

वरच्या दोघांबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडते. मी मुंबईत आयात निर्यातीच्या कागदांचं काम चौदा वर्षं केलं, आता गावी असते.

मैत्री आणि व्यापार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टांझानिया आणि मोझांबिक यांचं भांडण कधी फारसं ऐकू येत नाही, आणि मला तीच काळजीची गोष्ट वाटते, कारण त्यांच्यात भांडण्याएवढा व्यवहारच नाही. दोघंही काजू पिकवतात, दोघंही तूर पिकवतात, दोघांकडे समुद्रातला गॅस, आणि दोघंही माल उचलून थेट बाहेर पाठवतात, भारत, व्हिएतनाम, चीन. शेजाऱ्याच्या घरात जे आहे तेच आपल्या घरात असेल तर शेजाऱ्याकडे वाटी घेऊन कोण जाणार?

उलट टांझानिया आणि केनिया बघा. दोघंही पूर्व आफ्रिकी समुदायात. हा समुदाय १९६७ ला झाला, १९७७ ला मोडला, सीमाच बंद झाली ती १९८३ पर्यंत. १९९९ ला परत करार, २००५ पासून जकात संघ, २०१० पासून सामायिक बाजार. एवढं सगळं असूनसुद्धा २०१७ मध्ये टांझानियाने केनियातून आलेली ६,४०० कोंबडीची पिल्लं रोगाच्या भीतीने जाळली आणि केनियाच्या मसाई लोकांची तेराशेवर गुरं लिलावात काढली. २०२१ च्या मार्चमध्ये केनियाने बुरशीच्या विषाचं कारण देऊन टांझानियाचा मका अडवला, थोड्याच दिवसांत अटी घालून परत सोडला. २०२४ च्या जानेवारीत विमानांवरून भांडण, तेही काही दिवसांत मिटलं. पण बघा, दरवेळी मिटवावंच लागतं, कारण नामांगाच्या नाक्यावर ट्रकांची रांग उभी असते आणि दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांचा जीव टांगलेला असतो. त्या नाक्यावर २०१८ पासून दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छताखाली बसतात, एकदाच थांबायचं, एकदाच कागद दाखवायचे. रोवुमावर जे पाहिजे ते हे आहे. भाषणं कमी झाली तरी चालतील.

आणि हो, मोझांबिक पूर्व आफ्रिकी समुदायात नाही. दोघांना जोडणारा धागा सादेक, त्याचा मुक्त व्यापार २००८ पासून आहे, म्हणजे जकात हा मुख्य अडथळा नाहीच. अडथळा रस्ता, कागद आणि भीती हा आहे.

काजूवाले, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर. बंदीची भीती धरून बसू नका पण बेसावधही राहू नका. टांझानियात बी गोदाम पावती पद्धतीने विकली जाते, शेतकरी सहकारी संस्थेच्या गोदामात माल टाकतो आणि लिलाव होतो. २०१८ ला काय झालं आठवतंय ना?

कुडाळचा_काजूवाला

ताई, न आठवून कसं चालेल. नोव्हेंबर २०१८. व्यापाऱ्यांनी भाव पाडला म्हणून तिथले शेतकरी विकेनात, मग अध्यक्ष मागुफुली यांनी सांगितलं की सरकारच ३,३०० शिलिंग किलोने सगळी बी घेणार, आणि सैन्याचे ट्रक गोदामांकडे पाठवले. आम्ही इकडे एका एजंटला आगाऊ रक्कम देऊन बसलो होतो, माल वेळेवर आलाच नाही, रक्कम परत मिळायला वर्ष गेलं आणि तीही पूर्ण नाही. कारखाना सात आठवडे बंद ठेवला. बाया रोज सकाळी फाटकाशी येऊन बघून जायच्या, कुलूप दिसलं की काही न बोलता परत.

तेव्हा मला फार राग आला होता त्या निर्णयाचा. पण आज मास्तरांचं आणि तुमचं वाचून वाटतंय की जो भाव पडला म्हणून आमचा बागायतदार फेब्रुवारीत आमच्याशी भांडतो, तोच भाव पडला म्हणून तिथला शेतकरी भांडला. आमच्या इथे बीला हमीभाव द्या म्हणून मोर्चे निघतात तेव्हा मीही त्यात असतो. मग तिथल्या शेतकऱ्यावर मी कुठल्या तोंडाने रागावू.

पण प्रश्न राहतोच. ते फोडायला लागले तर आम्ही काय फोडू?

दोडामार्ग_ते_नांपुला

उशिरा लिहितोय, सॉरी. मी सहा वर्षं मोझांबिकमध्ये नांपुलाच्या बाजूला काजू कारखान्यात सुपरवायझर होतो, गेल्या वर्षी परत आलो. मूळ दोडामार्गचा. दादा तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि राहवेना.

ते फोडायला "लागले तर" असं नाहीये. ते आधी फोडत होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक काजूत जगात पहिलं होतं, वर्षाला दोन लाख टनांच्या वर बी, मोठमोठे कारखाने, हजारो कामगार, त्यात बाया जास्त. मग युद्ध आलं, झाडं म्हातारी झाली, नवीन कुणी लावली नाहीत. कसंबसं सावरत होतं तर नव्वदच्या दशकात जागतिक बँकेने कर्जाच्या अटीत सांगितलं की कच्च्या बीवरचा निर्यात कर कमी करा, बाजार मोकळा करा, शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल. कर उतरला, कच्ची बी बोटीत बसून इकडे भारतात आली, आणि तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले. शेतकऱ्याला जो भाव वाढून मिळेल म्हणत होते तो मधल्या व्यापाऱ्यांनी खाल्ला, शेतापर्यंत फार थोडा पोचला. शेवटी १९९९ मध्ये त्यांनी कायदा करून कच्च्या बीवर परत १८ ते २२ टक्के कर लावला, पण तोपर्यंत कुलपं गंजली होती. आमच्या वसाहतीच्या मागे असाच एक जुना कारखाना होता, छप्पर उडालेलं, आत कटिंगच्या टेबलांचे नुसते सिमेंटचे पाय रांगेत उभे, एकेका रांगेत मोजले तर साठ सत्तर. बायका तिथून जाताना सांगायच्या, ही माझ्या आईची जागा.

दादा, आपल्याला कडू लागेल पण सांगतो, ती बी तेव्हा आपल्याकडेच आली. तुमच्या वडिलांनी नाही मागवली असेल, पण भारतातल्या कारखान्यांनीच फोडली.

२००० नंतर छोटे कारखाने परत सुरू झाले, वाफेवर बी शिजवून हातापायाच्या कटरवर कापायची, आपल्यासारखंच. मी गेलो तेव्हा पहिल्या दिवशी कटिंग हॉलमध्ये शिरलो आणि थबकलो. बायांनी कमरेला कापुलाना, म्हणजे तिथलं छापील कापड, गुंडाळलेला, हाताला तेल चोळलेलं, कारण टरफलाचं तेल लागलं तर कातडी सोलते, डावा हात बी ठेवतोय, उजवा हात दांडा ओढतोय, पायाने पाती उघडली, टोकाने गर उचकटून वाटीत. वास तोच, टकटक आवाज तोच. बोटांची टोकं तशीच काळी. आमच्या दोडामार्गच्या शेडमध्ये उभा आहे असंच वाटलं, डोळ्यात पाणी आलं खरं सांगतो.

आता दोन देशांच्या संबंधांबद्दल जे मी बघितलं. मोझांबिकला फोडायचं थोडंफार जमलंय पण बी कमी, जुनी झाडं. टांझानियाकडे बी भरपूर, आताच्या एका हंगामात पाच लाख टनांच्या पुढे गेले, पण फोडणारे हात आणि कारखाने कमी, बहुतेक माल कच्चाच बोटीत चढतो. म्हणजे वर देवगडच्या ताई म्हणाल्या की दोघांकडे सारखंच आहे, तर ताई, वरून बघितलं तर सारखं, आत शिरलं तर एकाकडे नाही ते दुसऱ्याकडे आहे. टांझानियाची बी आणि नांपुलाचे कामगार, नाहीतर नांपुलाचे शिकवणारे आणि म्त्वाराचे कारखाने, हे जुळलं तर दोघांचं भलं आहे. रोग आणि रोपांचंही तसंच, भुरी रोग दोन्हीकडे मोहोर जाळतो, फवारणी आणि कलमं यात टांझानिया पुढे आहे, नलिएंदेले म्हणून म्त्वाराजवळ त्यांचं संशोधन केंद्र आहे, आपल्या वेंगुर्ल्याच्या केंद्रासारखं. तिथली कलमं रोवुमापार गेली तर मोझांबिकच्या म्हाताऱ्या बागा उभ्या राहतील. मला विचाराल तर खरी राजनीती ही, पण ती फोटोत दिसत नाही.

आणि पैशाचं पण एक आहे. सीमेवरचा छोटा व्यापारी टांझानियाचे शिलिंग देऊन मोझांबिकचे मेटिकल घेतो, मधला दलाल दोन्हीकडून कापतो. एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय, दोन्ही देशांत आहे, पोरंसोरंसुद्धा वापरतात, तो सीमेपलीकडे तितक्याच सोप्या पद्धतीने चालला तर भाजी मासळी विकणाऱ्या बायांना जेवढा फायदा होईल तेवढा कुठल्याच शिखर परिषदेने होणार नाही.

तुम्ही काय फोडाल म्हणता, तर आपलीच. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या आपल्या जातींची बी फोडून बघा आणि आफ्रिकेची फोडून बघा, सातची बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते, गर मोठा निघतो. आपल्याकडे अजून किती वरकस जमीन पडून आहे. त्यांची बी दहा पंधरा वर्षांत कमी येणार हे धरूनच चला, आणि ते वाईट आहे असं मला वाटत नाही.

वेंगुर्ल्याची_बायो

मी लिहिणारी नाही, रोज वाचते फक्त. आमचा नऊ जणींचा बचत गट आहे, सोलायचं आणि ग्रेडिंगचं काम घेतो. नांपुलाच्या दादांनी जे लिहिलं ही माझ्या आईची जागा, ते वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि थोडा वेळ गप्प बसले. आमच्या गटात तिघींच्या आया याच कामात होत्या.

एक विचारायचं होतं, तिथे बायांना किलोवर पैसे देतात की रोजावर? आणि अख्खा गर आणि तुकडा यात फरक करतात का? आमच्याकडे तुकडा झाला की दर अर्ध्याच्या खाली. त्या बायांना दोन्ही देशांत फिरून काम करता आलं, म्हणजे हंगाम असेल तिथे, तर त्यांना दर मागायची ताकद येईल असं मला वाटतं. एकाच मालकाच्या दारात उभं राहावं लागलं की बोलता येत नाही.

दोडामार्ग_ते_नांपुला

ताई, आमच्याकडे किलोवर होतं, आणि ठरलेल्या किलोपेक्षा कमी झालं तर त्या दिवसाच्या मजुरीतून कापायचे. अख्ख्याला वेगळा दर होता. तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. आमच्या हॉलमध्ये काबो देल्गादोतून पळून आलेल्या चार पाच जणी होत्या, त्यांच्याकडे ओळखपत्रच नव्हतं, घरासोबत जळलेलं. त्यातली एक टांझानियात पोचली होती, तिथून परत पाठवली. नातेवाईक पलीकडे असून. मैत्री आहे म्हणतात ना, तर अशा माणसांना कागद द्या, दोन्हीकडे चालेल असा. ती बाई दिवसाला सगळ्यात जास्त अख्खा गर काढायची. मला तिचा हात बघून आमची मोठी काकी आठवायची.

मालवणचे_मास्तर

बायोने जा इचारल्यान ता कुठल्याच पुस्तकात नाय गावाचा. मी पुढच्या आठवड्यात न्यरेरे यांच्यावर थोडं अजून लिहीन, त्यांनी स्वाहिली देशाची भाषा कशी केली ते. रत्नागिरीकर, बोट कुठे आहे सध्या?

बोटीवरचा_रत्नागिरीकर

कोलंबोच्या बाहेर नांगरावर, मास्तर. जानेवारीत परत त्या बाजूला आहे. तेव्हा कास्काझी वारा असतो, ईशान्येचा. हाच वारा धरून जुन्या काळी आपल्या किनाऱ्यावरची गलबतं तिकडे जायची आणि पावसाच्या आधी कुसी वाऱ्यावर परत यायची. म्त्वारा लागलं तर त्या बाईची चौकशी करून कळवतो, बसते का अजून.

कुडाळचा_काजूवाला

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी पडतायत. काल संध्याकाळी काम सुटल्यावर बायांना हा सगळा धागा वाचून दाखवला, कापुलाना म्हणजे काय ते सांगताना अर्धा तास गेला, मग मोबाईलवर फोटो काढून दाखवले. सगळ्यांत जुनी आमची मावशी, वडिलांच्या वेळेपासूनची, तिने विचारलं की तिकडे दुपारी जेवायला किती वाजता सोडतात. नांपुलाच्या दादा, सांगा हं.

दोन गोष्टी ठरवल्यात. या पावसात आमच्या साडेतीन एकर वरकसात वेंगुर्ला ७ ची कलमं लावतोय, खड्डे मारायला परवापासून गडी लागतील. आणि या वर्षी एजंटला आगाऊ रक्कम द्यायची नाही, आम्ही कुडाळ सावंतवाडीचे पाच कारखाने मिळून एक कंटेनर घेतोय, कागद देवगडच्या ताई बघून देणार आहेत, त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं. दोडामार्गच्या दादा, माल उतरला की प्रत्येक पाचव्या पोत्यातली किलोभर बी कापून फोटो टाकतो, तुम्ही बघून सांगा, ऐंशी किलो बीमागे अठ्ठेचाळीस पाउंडाचा आउटटर्न, म्हणजे तेवढा गर निघेल असं सांगतायत, तो खरा वाटतो का.